आठचं भोक

आवाज अडवणाऱ्या भिंतींवर संशोधन करणाऱ्या त्या प्रयोगशाळेत सुताराला सगळे मिलिमीटरमामा म्हणत. नाव उगाच पडलं नव्हतं. जावयाने हौसेने आणलेलं कपाट मामांनी आधी गुण्या लावून काटकोनात आहे का ते तपासलं आणि मगच जावयाला ‘बसा’ म्हटलं.

संशोधक मॅडम चित्र काढत, मामा फळी बनवत. फळीच्या पोटात बंद कप्पे, प्रत्येक कप्प्याला एक भोक. माप नेमकं जमलं, तर एका ठरावीक सुराची घरघर त्या कप्प्यांतच जिरते. एका इस्पितळात नवजात बाळांच्या खोलीला लागून भलंमोठं यंत्र होतं, त्याची घरघर थांबवायची होती. चित्रात भोक सात मिलिमीटरचं होतं. तीन फळ्या चाचणीत नापास झाल्या. चौथी लावली, तेव्हा पलीकडे आवाज मोजणारा माइक जवळजवळ गप्प बसला. मॅडमचं कौतुक झालं, मामांच्याही पाठीवर थाप पडली.

त्यानंतर आवराआवर करताना मामांनी ड्रिलमधला बिट काढला. तो आठचा होता. चाळीस वर्षांतली पहिली चूक, आणि तीही टाळ्या वाजवून पास झालेली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून ते गप्प राहिले.

सहा महिन्यांनी मामा निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात साहेबांनी जाहीर केलं, की उद्यापासून कारखान्यात मॅडमच्या चित्राबरहुकूम दोनशे फळ्या बनणार. मग ते मामांकडे वळले. या हाताला चूक ठाऊक नाही, असं ते दोनदा म्हणाले. पहिल्या रांगेत जावई सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवत होता. मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चित्राबरहुकूम म्हणजे पुन्हा सातचं भोक, आणि घरघर थेट बाळांच्या खोलीत. ही बाळं काही जन्मभर त्या खोलीत राहणार नव्हती, फार तर आठवडाभर. तरी मामा उठले.

“थांबा साहेब. त्या फळीचं भोक आठचं आहे.”

“आठचं?”

“चुकून मोठा बिट लागला. सातच्या भोकात गोंद ओघळतो, ते बारीक होतं, म्हणून आधीच्या तीन गेल्या. आठच्या भोकात गोंद ओघळला, की आत नेमकं सात उरतं. हे मलाही मागाहून उमगलं.”

मॅडमनी चौथी फळी मागवली, भोकाच्या तोंडाशी कॅलिपर लावला. आठ भरलं.

“सहा महिने माहीत होतं तुम्हाला?”

“हो.”

“आणि माझं कौतुक होऊ दिलंत?”

“माझंही होतच होतं की, मॅडम.”