चिठ्ठीत न लिहिलेला वार

जव्हारला दवाखाना टाकून मला तीनच वर्षं झाली होती. साखरशेतकडच्या एका पाड्यावरून एक जण तरुण बायकोला घेऊन आला. चार पावलं चालली तरी तिला धाप लागायची. हृदयाची झडप खराब असावी, असं मला वाटलं. इंग्रजीत दोन ओळी खरडून मी चिठ्ठी दिली. "नाशिकला मोठ्या डॉक्टरांना दाखव," एवढंच म्हणालो.

पावसाळ्यानंतर तो एकटाच आला.

"दाखवलंस का?"

"गेलो होतो. तथं लय दारं. कोन्या दारात जायचं, समजलं नाय. दिवसभर बसलो न् माघारी आलो. भाताची आवणी झाली न् ती गेली."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. "ही तुजी चिठी," म्हणत त्याने ती टेबलावर ठेवली. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

हृदयाचे डॉक्टर कोणत्या वारी, कुठे बसतात, हे मला ठाऊक होतं. ते लिहायचं सुचलं नव्हतं.

पुढे मी प्रत्येक चिठ्ठीमागे मराठीत वार आणि खोली लिहू लागलो, आधी फोनही करू लागलो. बरेच जण बरे होऊन परतले. तो मात्र माझ्याकडे पुन्हा आला नाही. ताप आला तरी भगताकडेच जातो, असं कानावर आलं.