रक्त नाही, दुखत नाही

"स्क्रब टायफस," फोनमधून डॉक्टरबाईंचा आवाज आला. "खपली सापडली. तुम्ही सांगितलंत तिथंच आहे."

मी बोईसरच्या घरी ओट्याला टेकून उभी होते, शेजारी रेवा. दुपारची वेळ होती, कुकरची वाफ अजून जिरली नव्हती. पालघरच्या हॉस्पिटलात गौरीमामी जुईच्या कॉटपाशी फोन धरून उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"म्हणजे आता बरी होईल ना?" मी विचारलं.

"औषध आहे. पण ते आधीच सुरू व्हायला हवं होतं. फुफ्फुसात पाणी साठायला लागलंय. दोन दिवस मला काही विचारू नका, आजी."

ईशान, मीरा, त्या दिवसांत आम्ही तुम्हाला फोनवर 'जुईला ताप आहे' एवढंच सांगत होतो. आता सगळं लिहिते. एरवी मी तुम्हाला इंग्रजीत लिहिते, माझं शिक्षण त्या भाषेत झालं आणि तुम्हालाही तीच सोपी जाते. पण हे इंग्रजीत लिहायला बसले तर सगळं दुसऱ्याच कुणाच्या घरी घडल्यासारखं वाटायला लागलं. आईकडून वाचून घ्या. ज्यांच्या घरची मुलं रानात, शेतात, गवतात जातात, त्यांनीही वाचलं तर बरं.

तुमच्या मामेबहिणी शाळेत जात नाहीत हे तुम्हाला माहीत आहे. रेवा तेरा वर्षांची, जुई नऊ. गौरीमामी त्यांना घरी शिकवते. निखिलमामा तारापूरच्या कारखान्यात पाळीवर जातो, त्यामुळे त्याची सुट्टी असेल तो दिवस बाहेरच्या शिक्षणाचा. घिवलीच्या किनाऱ्यावर जाऊन भरती-ओहोटी बघायची, सातपाटीला जाऊन मासे वाळवताना बघायचं, पावसाळ्यानंतर डोंगराकडे. सुरुवातीला मला हे पटलं नव्हतं. पण या मुली भरतीची वेळ चंद्रावरून सांगतात हे बघितलं आणि मी बोलणं बंद केलं.

या घराचा एक नियम आहे, आणि सगळं त्याच्याभोवतीच घडलं. दोघींचा प्रत्येकी एक पत्र्याचा डबा आहे. त्यात कापूस, मलम, चिकटपट्ट्या, छोटी कात्री. बाहेर गेल्यावर खरचटलं, काही चावलं, काटा लागला, तर आपलं आपण धुवायचं आणि आपली पट्टी आपण लावायची. मोठ्या माणसांना कधी सांगायचं? स्वतःला दोन प्रश्न विचारायचे. रक्त वाहतच राहिलंय का? दुखतंय का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर सांगायचं कारण नाही. गौरीला रडकी, प्रत्येक गोष्टीला आईकडे धावणारी मुलं नको होती, आणि तिच्या मुली तशा झाल्या नाहीत. एकदा सातपाटीला शिंगाळा माशाचा काटा जुईच्या तळव्यात घुसला. तिनं ओठ दाबून तो काढला, हात धुतला, पट्टी लावली. आमच्याकडे मासे घेऊन येते ती हिराबाय तिथंच बसली होती. ती म्हणाली, "बाय, तुमच्या पोरीला सगलं येतं. रडाया तेवढं येत नाय."

आम्ही सगळे हसलो. गौरी तर खूशच झाली.

आता आजाराचं. दसऱ्याच्या सुमारास मनोरपलीकडे एका ओळखीच्या कुटुंबाकडे दोघी गेल्या होत्या. त्यांचं डोंगराच्या उतारावर थोडंसं भात आहे, वरच्या हलक्या, वरकस जमिनीत गवत. दिवसभर मुलींनी गवताच्या पेंढ्या बांधल्या. दुपारी भाकरी खायला कुठं बसायचं म्हणून जुईनं विचारलं, तर त्या घरची बाई म्हणाली, "बस ना गं तिथंच. गादी हाय ती." दोघी गवतात पाय पसरून बसल्या. मी हे गौरीच्या मोबाइलवरच्या फोटोत बघितलं आहे. जुईच्या केसात गवत आहे.

आठ-दहा दिवसांनी ताप आला.

बोईसरच्या आमच्या डॉक्टरांनी आधी व्हायरल म्हणून गोळ्या दिल्या. ताप उतरे आणि पुन्हा थंडी वाजून चढे. डोकं असं दुखे की ती डोळे उघडत नसे. डेंग्यूची तपासणी झाली, मलेरियाची झाली. दोन्ही निगेटिव्ह. मात्र रक्तातल्या प्लेटलेट कमी होत होत्या. रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी म्हणजे प्लेटलेट. डॉक्टर म्हणाले, "घरी ठेवू नका," आणि आम्ही तिला रिक्षात घालून पालघरला नेलं.

हॉस्पिटलात तिला सलाईन लागलं. टायफॉइड समजून अँटिबायोटिक सुरू झालं, जंतू मारायचं औषध. त्यानं काहीच फरक पडला नाही. एका सिस्टरनं तिला बोलकं करायला विचारलं, "कितवीत गं तू?"

"मी कितवीतच नाही," जुई म्हणाली.

"अगं बाई! मग सुट्टी कुणाकडं मागितलीस?"

जुई थोडं हसली. त्यानंतर बरेच दिवस मी तिला हसताना बघितलं नाही.

डॉक्टरबाई तरुण होत्या, पण घाई करणाऱ्या नव्हत्या. मी सकाळचा डबा घेऊन गेले होते तेव्हा त्यांनी माझ्यासमोर गौरीला विचारलं, "अंगावर कुठं जखम? काही चावलेलं? काळसर डाग?"

"नाही," गौरी म्हणाली. "असतं तर तिनं सांगितलं असतं."

किती खात्रीनं म्हणाली! आणि मीसुद्धा मान हलवली. डॉक्टरांनी हात, पाय, पाठ, काखा, केसांखाली बघितलं. चड्डीची कड खाली करायला गेल्या तर जुईनं दोन्ही हातांनी ती घट्ट धरली. नऊ वर्षांची मुलगी, खोलीत दोन वॉर्डबॉय उभे. डॉक्टर म्हणाल्या, "राहू दे, राहू दे."

दुसऱ्या दिवशी तिचा श्वास जलद झाला. अंगावर पुरळ उठलं. यकृताला, म्हणजे लिव्हरला, सूज आली. तिला पीआयसीयूत हलवलं. लहान मुलांचा अतिदक्षता विभाग. तिथं एका वेळी एकच माणूस आत जातं. बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि त्यांवर आपापलं मूल आत ठेवून बसलेली माणसं. तिथं कोणी पेपर वाचत नाही. दार उघडलं की सगळ्यांच्या माना एकदम वर होतात आणि नाव दुसऱ्याचं निघालं की खाली जातात. आपलं नाव नाही म्हणून आधी बरं वाटतं, मग त्याचीच भीती वाटते.

त्या खुर्चीवर गौरीनं माझा हात धरला आणि म्हणाली, "आई, ही घरी येऊ दे. शाळेत घालते. कुठल्याही शाळेत घालते. रानात नेणार नाही, समुद्रावर नेणार नाही. फक्त येऊ दे."

कारखान्यात काम करणाऱ्या एका माणसाची बायको शेजारी बसली होती. तिचा मुलगा आत होता. तिला आमचं मराठी थोडं समजत असावं. ती म्हणाली, "दीदी, मेरा वाला तो रोज़ स्कूल जाता है. वो भी अंदर ही है ना."



त्याच दुपारी मी घरी परतले. निखिल पाळीवरून परस्पर हॉस्पिटलात जाणार होता. रेवाला जेवायला हाक मारली तर ती पलंगावर दोन्ही डबे उघडून बसली होती. स्वतःच्या डब्यातल्या पट्ट्या ती जुईच्या डब्यात टाकत होती.

"हे काय करतेस?"

"जुईच्या संपल्यात. घरी आली की लागतील."

"इतक्या कशा संपल्या?"

"रोज बदलत होती ना. कमरेखाली, इथं." तिनं आपल्या जांघेवर हात ठेवला. "काहीतरी चावलं होतं. काळं झालं होतं."

"कधी?"

"गवताला गेलो त्यानंतर. ताप यायच्या आधी."

"मग सांगितलं का नाही?"

रेवानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी विसरले आहे. "आजी, रक्त येत नव्हतं. दुखतही नव्हतं. तिनं मला विचारलं, मी पण बघितलं. मग सांगायचं कशाला?"

मी फोन उचलला. पुढचं मी सुरुवातीलाच लिहिलं आहे.

डॉक्टरांनी नंतर मला समजावलं. गवतात, झुडपात एक किडा असतो, डोळ्यांना न दिसणारा. त्याला माइट म्हणतात. तो चावतो तिथं काळी खपली धरते, उदबत्तीचा चटका बसावा तशी. तिला एस्कार म्हणतात. ती कपड्यांच्या आत, कातडीच्या घडीत, लपलेल्या जागी असते. आणि ती दुखत नाही. "म्हणून तर ती चुकते," त्या म्हणाल्या. "माझ्या मनात हा आजार होता, तपासणीही पाठवली होती. पण खपली दिसली की वाट बघावी लागत नाही."

डॉक्सीसायक्लिन नावाचं औषध शिरेतून सुरू झालं. मला वाटलं होतं औषध लागलं की ताप उतरेल. संध्याकाळी तो आणखी चढला. ऑक्सिजन वाढवावा लागला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या की कदाचित व्हेंटिलेटर लागेल, म्हणजे तिच्यासाठी श्वास मशीन घेईल. निखिलनं "बरं" म्हटलं. मग तो जिन्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी तुमच्या मामाला जन्मापासून ओळखते, म्हणून मी त्याच्याजवळ गेले नाही. जाऊन काय सांगणार होते?

रेवाला मी घरी काही सांगत नव्हते, पण तिला सगळं कळत होतं. सकाळी हिराबाय टोपली घेऊन आली. "धाकली कुठं हाय? आज सुरमई बघाया नाय आली?" रेवानं दारातच सांगून टाकलं. हिराबायनं टोपली खाली ठेवली आणि तशीच उंबऱ्यावर बसली. "आमी पोरांना बोंब मारू देतो बाय," ती म्हणाली. "लय तरास होतो. पण कळतं तरी कुठं काय झालं ते." मग तिला बहुतेक वाटलं की आपण जास्त बोललो. पदर सावरून उठली, टोपली डोक्यावर घेतली. एरवी खालपर्यंत ओरडत जाते, त्या दिवशी ओरडली नाही.

ती गेल्यावर रेवानं मला विचारलं, "आजी, नियम पाळला तरी चुकतं का?"

मी आयुष्यभर नियमानं राहिले. माझ्या कपाटातल्या कपड्यांच्या घड्यांना तुम्हीच हसता. तिला जवळ घेतलं तर ती ताठ उभी राहिली. तिलाही रडायला येत नव्हतं.

तो दिवस गेला. 'तशीच आहे' एवढाच निरोप. व्हेंटिलेटर लावला नव्हता, पण ते मशीन तिच्या कॉटपाशी आणून ठेवलं होतं.

त्यानंतरच्या सकाळी मी त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. आतून एका मुलाचा मोठ्यानं रडण्याचा आवाज आला. सगळ्यांच्या माना वर झाल्या. मीही बघितलं, पण मला वाटलं दुसऱ्याचं आहे. आमची जुई असं रडत नाही. दार उघडलं आणि गौरी बाहेर आली.

"आई, ती जुईच आहे," गौरी म्हणाली. "सलाईनची सुई बदलतायत. 'नको, दुखतंय' म्हणून ओरडतेय. ताप उतरलाय." आणि ती तिथंच खाली बसून रडायला लागली. शेजारची ती बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिच्या मुलाचं काय झालं ते मला आजही माहीत नाही. दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर वेगळी माणसं होती.

जुई घरी आली तेव्हा तिच्या मनगटाची हाडं दिसत होती. जिन्यावरून तिला उचलून आणावं लागलं. डाव्या कानानं अजून कमी ऐकू येतं. डॉक्टर म्हणतात येईल, बहुतेक. शाळेचं अजून ठरलेलं नाही. गौरी हॉस्पिटलात तसं बोलून बसली आहे, आणि जुईनं शाळेचं विचारलं की गौरीच्याच डोळ्यांत पाणी येतं. घिवलीला एकदा जाऊन आलो, पण मुलींना वाळूवरच ठेवलं, झुडपांकडे जाऊ दिलं नाही. गौरी झोपलेल्या मुलींच्या कपाळाला हात लावायला अजून उठते. भीती गेलेली नाही. ती आता घरातच राहते, एका माणसासारखी.

डॉक्टरबाईंचे, सिस्टरचे, त्या बाईचे उपकार मी कसे फेडणार? तुम्हाला सांगते, एवढंच करू शकते. गवतात जाऊन आलात की अंघोळ करा, कपडे बदला. ताप आला तर आईला अंगभर बघू द्या, लाज वाटली तरी. आणि रक्त येत नसलं, दुखत नसलं, तरी दाखवा.

डबे आता माझ्या कपाटात आहेत. रोज संध्याकाळी अंघोळीनंतर दोघी माझ्याकडे येतात. रेवा पटकन दाखवून निघून जाते. जुई मात्र बसते. डास चावला, इथं बघ. नख लागलं, इथं बघ. माझं वाचन राहतं, चहा गार होतो.

काल तिनं आपलं बोट पुढं केलं. मी उजेडात नेऊन उलटसुलट बघितलं.

"इथं काहीच नाहीये गं."

"माहितीये," ती म्हणाली. "तरी बघ."

मी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.