मालतीनं दाबलेलं बटन

ही गोष्ट मी आजवर कोणाजवळ काढली नाई. घरच्या माणसाजवळ नाई, सख्ख्या बहिणीजवळ नाई, विहारात वंदनेले बसते तवा मनातल्या मनातही नाई. तुम्ही मले ओळखत नाई, म्हून तुमच्यापाशी बसून बोलते — अन् बोलता बोलता थांबली, त थोडं थांबजा.

तळेगावात मले कम्प्युटरवाली मावशी म्हणतात. शिक्षण सातवी. विहारामागच्या अभ्यासिकेले कोण्या साहेबानं जुने कम्प्युटर दिले, लिनक्सवाले. चालवाले माणूस भेटेना. मी म्हटलं, मी पाहते. शिकवलं कोणी? कोणीच नाई. मोबाइलवर पाहायचं अन् कमांड वहीत देवनागरीत उतरवून घ्यायची — सुडो एपीटी अपडेट — मंग एकेक अक्षर शोधून इंग्रजीत मारायची. अर्थ समजे का? नाई समजे. पण मावशीले सगळं येते, असं लोक म्हणत, अन् ते ऐकाले गोड लागे.

मालती आमच्या शेजारची सून. भिंतीले भिंत. तिचा नवरा प्रकाश तिले मारे, हे गल्लीले माहीत होतं. मले त आवाजावरून समजे, आज हातानं की पट्ट्यानं. मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची, आर्वीत नोकरी धरायची अन् लेकीले घेऊन वेगळं राह्यचं — हे तिनं फक्त मलेच सांगितलं होतं. बोटं अशी चालत तिची, का पाहत राहावं. प्रकाशले मीच समजावलं होतं, अभ्यासिकेत टायपिंग शिकाले पाठव म्हून. तो म्हणे, मशीनले काई झालं त पाहा मंग.

पाहा, म्हणजे काय — हे मले माहीत होतं. हे ध्यानात ठेवा.

परीक्षेले आठ दिवस होते. बाया ज्या मोठ्या मशीनवर सराव करत, त्यात टाकाले टायपिंगचं एक नवीन सॉफ्टवेअर मले पाह्यजे होतं, अन् लिनक्स जिथून सॉफ्टवेअर उतरवते त्या आपल्या भांडारात ते नव्हतं. एका बाहेरच्या साइटवर होतं. आता मले समजते — बाहेरचं भांडार जोडायचं त आधी त्याची किल्ली घ्या लागते. बियाण्याची थैली घेताना आपण सील पाहतो ना, तसं. मशीन ते सील पाहते अन् मंगच माल आत घेते. त्या दिवशी मशीन म्हणून राह्यलं होतं, हे सील मी ओळखत नाई. मी काय केलं? साइटवर खाली कोणीतरी उपाय लिहिला होता, तो उतरवून घेतला. त्याचा अर्थ होता — सील पाहू नको, भरवसा ठेव.

मंग इन्स्टॉल मारलं. भलीमोठी यादी आली. हे हे काढून टाकतो म्हणे. अन् एरवी मशीन नुसतं एक अक्षर मागते, हो का नाई एवढंच. त्या दिवशी त्यानं अख्खं वाक्य मागितलं. धोक्याचं आहे, पुढं जायचं असंल त लिहून दे — हो, मी सांगते तसं कर.

मी लिहून देलं. एकेक अक्षर शोधून. तेवढ्या वेळात थांबता आलं असतं का? आलं असतं.

सगळं गेलं. काळ्या पडद्यावर दोन-चार ओळी राहिल्या, बस. सकाळचे साडेदहा झाले असतील. मी मशीन बंद केलं, वरून कापड टाकलं अन् घरी जाऊन भाकरी थापल्या.

आता — आता ते सांगते. तीन वाजता मालती आली. मी तिले म्हटलं, मालते, मोठं मशीन आज तूच सुरू कर.

तिनं कापड काढलं. बटन दाबलं.

संध्याकाळी विहाराच्या मंडळाचे अध्यक्ष आले. टायपिंग शिकाले येणाऱ्या बाया चिडल्या होत्या, आठ दिवसांवर परीक्षा अन् मशीन मेलेलं. कोणी केलं, त्यायनं विचारलं. प्रकाश दारातच उभा होता, तिले न्याले आलता. त्याच्याकडं पाहून मी म्हटलं, "मालतीनं सुरू केलं, तवापासून बंद आहे." यातला एक शब्द तरी खोटा आहे का? नाई. खोटं असं बोलाले अक्कल लागते, अन् ती मले होती.

प्रकाशनं तिले केसं धरून ओढलं. खुर्ची पडली. ती म्हणून राह्यली होती, "मावशी, मी नुसतं बटनच दाबलं ना हो, तुम्ही सांगा ना." त्यानं तोंडावर मारलं, तोंडातून रक्त आलं. ती दाराच्या चौकटीले धरून बसली, सोडेना. त्यानं लोखंडी दार तिच्या उजव्या हातावर आपटलं. एकदा नाई. आवाज मोठा नव्हता, कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काड्या मोडल्यासारखा होता. दोन माणसं धावली अन् त्याले बाजूले केलं. मी तिच्यापासून हातभर दूर होती. मी काय म्हटलं, माहीत आहे?

"काम ध्यान देऊन करावं बाई."

आर्वीहून दुरुस्तीवाला आला. जुनी डिस्क उघडून म्हणे, मावशी, याच्यात सगळं नोंदलेलं असते, कोणती कमांड अन् किती वाजता. त्यानं फाइल दाखवली. माझी कमांड. सकाळचे दहा अठ्ठावीस. तो चहा प्याले बाहेर गेला अन् मी ती फाइल पुसली. पुसाची कमांड वहीत पाह्यली नाई. समजून मारलेली ती माझी पहिली कमांड.

इतकी वर्षं झाली, मालतीची तीन बोटं अजून मिटत नाई. परीक्षा झाली नाई, नोकरी नाई. ती प्रकाशच्याच घरात आहे. आवाज अजून येतात.

मागच्या महिन्यात लेकीच्या कॉलेजचा फॉर्म भराले आली. लेकीचं नाव, जन्मतारीख सांगत गेली, मी टाइप करत गेली. मंग म्हणे, "मावशी, आता त तुम्हाले सगळं समजते. मी तवा कोणतं चुकीचं बटन दाबलं असन हो?"

मी म्हटलं, "जाऊ दे ना मालते. होते चूक माणसाच्या हातून."

ती हो म्हणाली. डाव्या हातानं सही करून फॉर्म घेऊन गेली.