फलकाखालचे नाव

पुढे जे लिहिते आहे, ते मी आजवर कोणापुढे उच्चारलेले नाही — घरात नाही, शाळेत नाही, देवापुढेही नाही. तुम्ही मला ओळखत नाही. तरीही शेवटपर्यंत ऐकाल असे वाटते, म्हणून तुम्हाला सांगते. आणि क्रमाने सांगते. शिकवण्याची सवय निवृत्तीनंतरही जात नाही.

आमचे गाव तळकोकणात. गावाच्या वरच्या अंगाला देवाची राई आहे — पिढ्यान् पिढ्या राखलेले जुने रान. तिच्या पायथ्याशी झरा, आणि त्या झऱ्यावर गावाचे पिण्याचे पाणी. गावातून मुंबईला आलेल्यांचे मंडळ दर महिन्याला लालबागच्या गावकीच्या खोलीत भरते आणि दर मे महिन्यात गावी जाऊन ‘राईचा उत्सव’ करते. मुले राईला फेरी घालतात, झाडे ओळखतात, बिया वेचतात, झऱ्यातला गाळ काढतात. आखणी माझी. पण फेरीत पुढे चालत भागीरथीकाकू. ऐंशी उलटलेल्या, नायगावच्या चाळीत मुलाकडे राहणाऱ्या, उत्सवाला मात्र न चुकता येणाऱ्या. कोणते फळ पाखरांसाठी सोडायचे, कोणत्या सालीला हात लावायचा नाही, हे त्या पान चुरगळून मुलांच्या नाकाशी धरून शिकवत. माझ्या पुस्तकांत नसलेली झाडे त्यांना ठाऊक होती.

अशा या मंडळाने एकदा ठराव केला — राईचा एक तुकडा तोडून देवळाला सिमेंटचा सभामंडप बांधायचा. मी दोन बैठकांत आकृत्या काढून समजावले : मुळे पाणी कसे धरतात, झरा का आटतो. सर्वांनी माना डोलावल्या. ठराव जागच्या जागी राहिला.

मग मी काय केले? — तिथेच येते आहे.

मी एक शपथ रचली. गाव वसले तेव्हा पूर्वजांनी झऱ्याचे पाणी ओंजळीत घेऊन देवाला वचन दिले, की राईतले झाड पाडील त्याच्या घरी पाणी टिकणार नाही — असे मी उत्सवाच्या पुस्तिकेत लिहिले. त्यातला एकही शब्द खरा नव्हता. परळच्या माझ्या स्वयंपाकघरात, एका रविवारी, कुकरच्या शिट्ट्या मोजत मी ती जुळवली. आणि इथे माझी शिस्त आडवी आली. वर्गात मी आयुष्यभर सांगत आले, की माहितीखाली सांगणाऱ्याचे नाव हवे. नाव नसलेली माहिती म्हणजे अफवा. म्हणून मी शपथेखाली लिहिले : ‘सांगणाऱ्या — भागीरथीकाकू.’ का त्याच? कारण त्या खोटे बोलत नाहीत, हे सारे गाव जाणून होते.

पुढच्या बैठकीला काकू स्वतः आल्या. नातीने त्यांना पुस्तिका वाचून दाखवली होती.

“गो बाय, ह्यां मी तुका कधी सांगलंय?” त्यांनी सगळ्यांसमक्ष मला विचारले. “मी ह्यां सांगूक नाय.”

मग मंडळाचे सचिव, सुरेशभाऊ, हसले. “काकू, सकाळी काय खाल्लंत ते तरी आठवतंय का?”

“घावने. आणि तुझ्या लग्नात आमटी खारट झाली होती, तां पण आठवता.”

हशा पिकला. पण तो त्यांच्या बाजूचा नव्हता. म्हाताऱ्या माणसाला हसतात तसा होता.

“बाई, तुम्हीच सांगा,” सुरेशभाऊ माझ्याकडे वळले. “बोलल्या होत्या ना?”

“बोलल्या होत्या,” मी म्हणाले. “वयोमानाने विसर पडतो.”

वर्गातल्या आवाजात म्हणाले. काकूंनी वाद घातला नाही. चपला शोधल्या. जिना उतरताना कोणीतरी त्यांचा हात धरला — ज्या बाईने महिन्याभरापूर्वी मुलांच्या पुढे राई चढली होती, तिचा!

ठराव रद्द झाला. राई उभी आहे. शपथ, खाली काकूंच्या नावासह, फलकावर रंगवून राईच्या तोंडाशी लावली गेली. याची मला लाज वाटत नाही, वाटणारही नाही. आकृत्यांना न भिणारी माणसे वचनाला भिली, यात माझा दोष कोणता? हे वाचून लालबागच्या खोलीत गदारोळ होईल. होऊ द्या. सभामंडपाचा कागद पुन्हा बाहेर काढा. मी पुन्हा आकृत्या घेऊन येईन. शपथ खोटी होती, झरा खोटा नाही. तशीच वेळ आली तर मी दुसरी शपथ रचीन.

पण काकूंचे काय?

पुढच्या वर्षापासून मंडळाने त्यांना फेरीतून वगळले. “मुलांना काही चुकीचं सांगितलं तर?” मी विरोध केला नाही. त्या चुकीचे सांगतील अशी भीती मला नव्हतीच. त्या मुलांसमोर पुन्हा खरे बोलतील, ही होती. फेरीत पुढे मी चालू लागले. झऱ्याजवळच्या एका झाडाचे नाव मुले विचारतात. मला येत नाही.

एकदाच मी प्रसाद घेऊन नायगावला गेले. “राय ऱ्हवली मां?” त्यांनी विचारले. “बरां झालां. माझा नाव तेवढा काढ.”

मी हो म्हटले. त्यांचे घर माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, तरी पुन्हा गेले नाही. नावही काढले नाही. काढले असते तर शपथेची अफवा झाली असती — हे कारण आहे; समर्थन नव्हे. पुढे काकू वारल्या.

यंदा मे महिन्यात फलकाला नवा रंग द्यायचा होता. उन्हापावसाने शपथ पुसट झाली होती, आणि खालची ओळ पार उडून गेली होती.

“बाई, इथं खाली कोणाचं नाव होतं?” रंगाऱ्याने विचारले.

मी सांगितले. सावकाश, एकेक अक्षर सुटे करून, त्याला नीट लिहिता यावे म्हणून.