हात दाखवणारी माय

मूर्तिजापूरच्या देवराव मिस्त्रींना कुणी शहाणपण शिकवलेलं खपत नसे. सुतारकामात हात सोन्याचा, पण जीभ रंध्यासारखी; समोरच्याचं काय सोलून निघतं याची फिकीर नाही. अचलपूरला जाणारी शकुंतला ही छोट्या रुळांची रेल्वे बंद पडली तेव्हा मात्र हा माणूस लहान मुलासारखा हळहळला. मग चार म्हातारी डोकी जमवून त्यांनी समाजमंदिराच्या खोलीत फळ्यांवर तीच लाइन छोटी करून बांधायला घेतली. वायरिंग ललितकडे, झाडं-घरं माणिकबाईंकडे आणि माणसं घडवायची नागसेनकडे.

नागसेन म्हणजे निवृत्त पोस्टमन, देवरावांचा शाळासोबती. याच लाइनवरच्या त्याच्या गावाला स्टेशन नव्हतं. त्याची आई मूर्तिजापुरात कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला यायची. गावाजवळच्या वळणावर रुळांकडेला उभी राहून हात दाखवायची आणि ड्रायव्हर गाडी थांबवायचा. नागसेननं शाडूची बोटभर आई केली, हात वर केलेली, आणि फळीवरच्या त्याच वळणावर ठेवली.

“तिथं ठेसन नाही. गाडी काहून थांबन?” देवराव गुरकावले.

“माय हात दाखवे तं गाडी थांबे. तुले माहीत हाये.”

“आपन रेल्वे बनवून राहिलो, जत्रा नाही! उचल ते बाहुली.”

नागसेननं ती खिशात घातली आणि तो एसटीनं गावी गेला. येईल आपणहून, असं म्हणत देवरावांनी वर्ष घालवलं.

उद्घाटनाला गाडी धावली, टाळ्या पडल्या. गर्दीतली एक म्हातारी वळणाकडे बोट दाखवून म्हणाली, “इथं नागसेनची माय हात दाखवे. ते कुठी हाय?” देवरावांना तोंड वर करवेना. साऱ्या गावाला आठवत होतं ते आपणच उचलायला लावलं.

दुसऱ्या दिवशी ते नागसेनकडे गेले. त्यानं चहा दिला, कपाटातून आई काढून दिली. एसटीच्या रेटारेटीत तिचा वर केलेला हात खिशातच मोडला होता.

“नवी करून दे नं, नागसेन. मी चुकलो.”

“आता बोटं थरथरतात, देवराव. हेच ने.” आवाजात राग नव्हता. “पन हातच नाही, तर गाडी काहून थांबन?”

देवरावांनी तिला वळणावर उभं केलं. गाडी तिथं आली की ते स्वतः बटण दाबून थांबवतात. नागसेन अजून बघायला आलेला नाही.