वासराचे चार पाय

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी काठी टेकत, पाऊल न् पाऊल विचार करून टाकत होतो. त्या सकाळी शेजारच्या काकूंची गाय व्याली. नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या खुरांची मऊ टोकं खुडून काकू बाजूला झाल्या. वासरू उठायचं, चारी पाय चार दिशांना फाकायचे आणि ते धपकन पडायचं. मी वाकलो.

"हात नको लावूस रे, त्याचं त्याला येतं," काकू म्हणाल्या.

कुठला स्नायू आवळायचा, कुठला सैल सोडायचा, हे पाठीच्या मज्जारज्जूला जन्माआधीच ठाऊक असणार. डोक्यानं नुसतं 'दूध' म्हणायचं! चौथ्या खेपेला ते उभं राहिलं, थरथरत आचळाशी पोचलं.

बायकोला सांगायला मी लगबगीनं घरी आलो.

"काठी कुठाय?" तिनं विचारलं.

काठी गोठ्यातच राहिली होती.