शिट्टी वाजल्यावर

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळायला कारणं मिळत गेली. आधी बायको हयात होती, मग मुलीच्या सासरी काय वाटेल असं वाटलं, मग नातू लहान होता. आता नातू कॉलेजात जातो, बायको जाऊन सहा वर्षं झाली आणि माझ्यावर बेतलेला एक सिनेमा लोक घरी बसून मोबाइलवर बघतात. दारूत बुडालेला शिक्षक आणि त्याचं बाहेर येणं, अशी गोष्ट आहे. ती दिग्दर्शकाला मीच सांगितली. त्यातल्या दोन गोष्टी मी खोट्या सांगितल्या.

सदाशिव पेठेतल्या एका मुलांच्या शाळेत मी तीस वर्षं पी.टी. शिकवली. माझी थप्पड शाळेत प्रसिद्ध होती. तिचं एक तंत्र होतं, ते मला माझ्या आधीच्या सरांनी शिकवलं होतं. पंजा सपाट ठेवायचा नाही. पाणी प्यायला हात करतो तसा किंचित खोलगट करायचा आणि गालाच्या मांसल भागावर मारायचं, कानापासून चार बोटं लांब. आवाज फटाक्यासारखा येतो, पण वळ उठत नाही. अख्खं मैदान गप्प होतं आणि पालक तक्रार घेऊन येत नाहीत. कानाखाली आवाज काढीन असं लोक नुसतं म्हणतात, मी ते रोज करत होतो. मला त्याचा अभिमान होता.

शाळेत मी कधी पिऊन गेलो नाही. याचाही अभिमान होता. त्यामुळे जे व्हायचं ते घरी व्हायचं.

बायकोला मी खोलगट पंजाने मारत नसे. घरी आवाज नको असायचा, कारण भिंतीपलीकडे दुसरं बिऱ्हाड होतं. तिला पाठीत बुक्क्या बसत. दंड पिरगाळला जाई. केस धरून डोकं ओट्यावर दाबलं जाई. एकदा मनगट मोडलं, तेव्हा ती मोरीत पाय घसरला असं सगळ्यांना सांगत फिरली. शेजारच्या बाई म्हणाल्या, "तुमची मोरी फारच घसरते हो." त्या एवढंच म्हणाल्या. पेठेत एवढं पुरतं. मला त्याचा अर्थ कळला होता आणि त्या रात्रीचं जेवण मी मुकाट्याने जेवलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा सुरू.

तो रविवार होता. मी सकाळी अकरापासून पीत बसलो होतो. दुपारी दीडच्या सुमाराला बायको पान वाढायला आली आणि म्हणाली, "उद्या शाळेत जायचंय ना? की शाळेलाच इकडे बोलावू?"

एवढ्यावरून. मी उठलो, तिच्या पोटात लाथ घातली. ती ओट्याला धडकून खाली पडली. आमटीचं पातेलं तिच्या पायावर सांडलं. मी तिच्या पाठीवर गुडघा रोवला आणि मानेला पकडलं. ती ओरडत नव्हती. ती कधीच ओरडत नसे. घशातून फक्त घरघर येत होती आणि तिची बोटं फरशीवर आमटीत घसरत होती.

तेवढ्यात शिट्टी वाजली.

माझी मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. दाराशी खिळ्याला माझी शिट्टी टांगलेली असायची. ती काढून तिने पूर्ण ताकदीने वाजवली, तास संपला की मी वाजवायचो तशी, लांब. आणि मी थांबलो. हे मला नीट आठवतं. माझे हात आपोआप सुटले, मी सरळ उभा राहिलो. इतक्या वर्षांची सवय होती, शिट्टी वाजली की सगळं थांबतं. बायको सरपटत बाजूला गेली. मुलीने बरोबर केलं होतं. तिला जे सुचलं ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं.

मग भिंतीपलीकडचा टीव्ही बारीक झाला. कुणीतरी ऐकत होतं.

मी वळलो. शिट्टी अजून तिच्या ओठांत होती. मी हात उचलला तेव्हा पंजा खोलगट झाला, शाळेतला. पण चार बोटं मी मोजली नाहीत. तळवा सरळ तिच्या डाव्या कानावर बसला. शिट्टी उडून कपाटाला लागली, तिचा ओठ फाटला आणि ती खाली बसली. रडली नाही. पोहून आल्यावर कानात पाणी गेलं की मुलं मान झटकतात, तशी ती मान झटकत राहिली. कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आली. बायको भाजलेल्या पायाने लंगडत आली आणि तिने पोरीला पदराआड घेतलं. मी शिट्टी उचलली, पुसली आणि परत खिळ्याला लावली.

गल्लीतल्या डॉक्टरांचा मुलगा माझ्या शाळेत आठवीत होता. म्हणून डॉक्टरकडे न्यायचं नाही, असं मी ठरवलं. कानात कोमट तेल घाल, असं बायकोला मीच सांगितलं. फाटलेल्या पडद्यातून ते तेल आत गेलं. चौथ्या दिवशी तिला ताप भरला, मग पू यायला लागला. अकराव्या दिवशी ती भिंत धरून चालू लागली, तेव्हा नेलं.

डॉक्टरांनी कानात बघितलं. मग तिला विचारलं, "काय गं, मार लागला होता का?"

तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "नाही. ताप आला होता."

दोन ऑपरेशनं झाली. डावा कान गेला तो गेला. तेव्हापासून घरात ताप हाच शब्द ठरला.

माझी दारू त्यानंतरही सात वर्षं सुटली नाही. हेही सिनेमात नाही. सिनेमात मुलीचा कान जातो आणि बापाचे डोळे उघडतात. माझे उघडले नाहीत. मुलगी एकोणीस वर्षांची असताना मी पुन्हा एकदा बायकोचा गळा धरला होता. या वेळी मुलीने शिट्टी वाजवली नाही. कपाटावरून माझी लेझीम काढली आणि दोन्ही हातांनी माझ्या कपाळावर हाणली. दांडा मोडला. साखळीच्या चकत्यांनी भुवई फाडली. मी पडल्यावर तिने आणखी दोनदा मारलं, बरगडीवर. नऊ टाके पडले. त्याच बँडेजवर मामाने, म्हणजे बायकोच्या भावाने, मला रिक्षात घालून मांजरी गावापलीकडच्या उसात असलेल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन टाकलं.

तिथले पहिले पाच दिवस मी माणूस नव्हतो. एका सेवकाचा अंगठा मी चावून रक्तबंबाळ केला. मला चादरीने खाटेला बांधलं. त्या सेवकाने येऊन माझ्या तोंडात दोन भडकावल्या, तेव्हा तशा अवस्थेतही माझ्या मनात आलं, पंजा सपाट आहे, याला कुणी शिकवलेलं नाही.

त्यानंतर आजपर्यंत थेंब घेतला नाही. हे खरं आहे.

केंद्रात दर आठवड्याला मीटिंग असते. एकेकाने उठून आपली कहाणी सांगायची. मी सांगायचो, मुलगी तापाने फणफणत होती, मी पिऊन पडलो होतो, डॉक्टरकडे न्यायला उठलो नाही, तिचा कान गेला. लोक रडत. कपाळावरचा व्रण? स्कूटरवरून पडलो. दारू सोडल्याचा वाढदिवस तिथे केक कापून करतात आणि घरच्यांनी दोन शब्द बोलायचे असतात. बायको दरवर्षी तेच बोलायची, "आता बरं आहे." मुलगी एकदाच आली आणि म्हणाली, "आईने सांगितलंच आहे."

सिनेमा काढणारा माझाच विद्यार्थी. केंद्रातल्या एका वाढदिवसाला आला होता, माझी कहाणी ऐकून मागे लागला. शूटिंगच्या आधी तालीम होती, तिथे मला बोलावलं. नवरा बायकोला मारतो असा प्रसंग होता. नटाचं मारणं खोटं वाटत होतं.

दिग्दर्शक म्हणाला, "सर, दाखवा ना. मला मारा, मला सवय आहे."

"वय झालं रे माझं."

"सर, माझंही झालं. नववीत घाबरायचो, आता नाही."

मी मारली. हात विसरला नव्हता. खोलीभर आवाज झाला, सगळे दचकले आणि मग हसले. दिग्दर्शक गाल चोळत ध्वनिमुद्रण करणाऱ्याला म्हणाला, "हा. हाच आवाज पाहिजे मला." मग पुन्हा माझ्याकडून त्या आवाजासाठी सहा वेळा मारून घेतलं. सहाव्यांदा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी थांबलो नव्हतो. त्यालाच माझं मनगट धरावं लागलं.

नट तरुण होता, हुशार. त्याने विचारलं, "सर, हाच पंजा जरा मागे बसला तर?"

"तर कान जातो."

"तुम्हाला कसं माहीत?"

"शिक्षकांना माहीत असतं," मी म्हणालो.

पहिल्या खेळाला मुलगी वाघोलीहून नातवाला घेऊन आली. ती माझ्या डाव्या हाताला बसली, म्हणजे तिचा चांगला कान माझ्या बाजूला. पडद्यावर नटाने हात उचलला आणि माझा आवाज आला. हजारदा मुलांच्या गालावर काढलेला, आणि एकदा तिच्या कानात. त्या कानाने ऐकलेला तो शेवटचा आवाज. अंधारात तिचा हात झटकन डाव्या कानावर गेला आणि सिनेमा संपेपर्यंत तिथेच राहिला. पडद्यावरच्या मुलीला ताप आला तेव्हा मागच्या रांगेत कुणी हुंदका दिला. नातू माझा हात धरून बसला होता.

नंतर आम्हाला स्टेजवर बोलावलं. निवेदिकेने मुलीला विचारलं, असे वडील लाभल्यावर काय वाटतं. ती म्हणाली, "शाळेत फार कडक होते म्हणतात. आम्हाला घरबसल्या शिकायला मिळालं." लोक हसले, टाळ्या वाजल्या.

परतताना नगर रस्त्याला गाड्या खोळंबल्या होत्या. ती गाडी चालवत होती, मी शेजारी, म्हणजे तिच्या डाव्या बाजूला. नातू मागे झोपला होता. मी तिचं नाव घेतलं. ती समोर बघत म्हणाली, "गाडीत नको, बाबा. या बाजूने मला ऐकू येत नाही, माहीत आहे तुम्हाला."

घरी पोचल्यावर नातू आत गेला. मी जिन्यात तिच्या उजवीकडे जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "ते तापाचं मी..."

"तापच होता," ती म्हणाली. "सिनेमात आहे, सगळ्यांनी बघितलाय. त्याला आजोबा आवडतात. निदान त्याची बारावी होऊ दे." मग किल्ली लावता लावता म्हणाली, "आणि तुमच्या कपाळावरची स्कूटरही राहू दे. माझ्यावर उपकार आहेत तुमचे."

बारावी झाली. चांगले मार्क मिळाले, पेढे घेऊन ती स्वतः आली. तासभर माझ्या समोर बसली. आम्ही ॲडमिशनबद्दल बोललो.

त्या दिवशी जिन्यात मला जे म्हणायचं होतं ते इतकंच होतं. बाळ, ताप नंतर आला. आधी मी मारलं. लेझीम तू मारलीस ती योग्य होती, आणि तेव्हा फार उशीर झाला होता, तो माझ्यामुळे. त्या रविवारी तू शिट्टी अगदी बरोबर वाजवली होतीस. शिट्टी वाजल्यावर थांबायचं असतं, हे मीच सगळ्यांना शिकवलं. मी थांबलो होतो, आणि मग पुन्हा हात उचलला. मला माफ कर.